करणाऱ्याच्या बाजूचा कॅमेरा

१८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीची एक लढत झाली. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी हे दोन मल्ल समोरासमोर होते आणि आखाड्याबाहेर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, लंडनहून मागवलेला कॅमेरा लावून उभे होते. भारतीय माणसाने घेतलेल्या अगदी पहिल्या चलच्चित्रांत या लढतीची गणना होते. ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर यायला अजून चौदा वर्षे होती. त्या चित्रपटाच्या आदल्या वर्षी, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी काय टिपले होते, तर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ. रोज थोडी थोडी, एकेक चौकट घेत. ती छोटी फीत पाहून त्यांच्या कामाला भांडवल मिळाले. आपल्याकडच्या चलच्चित्राची सुरुवात कथेने झालेली नाही. खेळ आणि निरीक्षण हे त्याचे पहिले दोन विषय आहेत, आणि ही पुस्तिका त्याच दोन विषयांची आहे.

फरक एवढाच की सावेदादांचा कॅमेरा आखाड्याबाहेर होता. दोन्ही मल्ल त्यात दिसतात, पण मल्लाला काय दिसले ते दिसत नाही. समोरच्याचा हात मानेकडे येताना कसा येतो, पट काढायच्या क्षणी नजर कुठे असते, माती किती जवळून दिसते, हे टिपायचे तर कॅमेरा मल्लाच्या अंगावर हवा. तिकाटण्यावरच्या त्या जड लाकडी पेटीला ते शक्यच नव्हते. पुढे जवळपास शंभर वर्षे कॅमेरा प्रेक्षकाच्याच बाजूला राहिला.

मधल्या काळात धडपडी लोकांनी प्रयत्न केले. १९७६ मध्ये क्लोद ललूश या फ्रेंच दिग्दर्शकाने भल्या पहाटे पॅरिसच्या रस्त्यांवरून गाडी सोडली. गाडीच्या पुढच्या भागाला कॅमेरा बांधलेला, परवानगी कुणाची नाही, मधले लाल दिवे तोडलेले, आणि नऊ मिनिटांच्या आतले सलग एकच चित्रण. मोटारीतून केलेल्या चित्रणाचे वेड ज्यांना आहे त्यांनी हा लघुपट हमखास पाहिलेला असतो. त्यातली एक गोष्ट मात्र थोड्यांना ठाऊक असते. धावत होती मर्सिडीज, आणि आपल्याला ऐकू येतो तो फेरारीच्या इंजिनाचा आवाज, मागाहून जोडलेला. वेगाचे चित्रण फसवू शकते, हा धडा त्या जुन्या फितीतच आहे. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅथर्स्ट शर्यतीत धावत्या गाडीच्या आतून थेट प्रक्षेपण झाले आणि चालकाच्या खांद्यामागून रस्ता कसा दिसतो हे लोकांनी घरात बसून पाहिले. पण ते सारे मोठ्या वाहिनीचे, मोठ्या खर्चाचे काम होते.

सामान्य माणसाच्या हाती ही गोष्ट आली ती निक वुडमन या अमेरिकन तरुणामुळे. त्याला लाटांवर स्वार होण्याचा नाद होता. किनाऱ्यावरून मित्रांनी काढलेले फोटो लांबचे यायचे, आणि लाटेच्या आतून काढायचा तर कॅमेरा धरायला हात मोकळा नसायचा. त्याने मनगटावर बांधायचा पट्टा आणि त्यावर बसणारा जलरोधक कॅमेरा तयार केला. कंपनी २००२ मध्ये काढली आणि पहिला ‘गोप्रो’ २००४ मध्ये बाजारात आला. तो चक्क ३५ मिलिमीटरच्या रिळावर चालणारा होता. दोन वर्षांत डिजिटल आला, मग रुंद कोनाची लेन्स आली, मग पेटीशिवाय पाण्यात चालणारा आला. २०१८ च्या सुमारास यंत्राच्या आतच चित्र स्थिर करण्याचे तंत्र चांगले जमले. आज डीजेआय, इन्स्टा३६० आणि कितीतरी स्वस्त चिनी नावे मिळून सहा-सात हजारांपासून चाळीस-पन्नास हजारांपर्यंतचा माल दुकानात आहे. मुठीत मावणारे हे यंत्र जे करतो आहे त्याच्या बाजूने बघते. मला त्याचे मोल वाटते ते एवढ्यासाठीच, आणि पुढची सगळी प्रकरणे या एका गोष्टीवर उभी आहेत.

हे पुस्तक भिवंडीत बसून का लिहावे, असे कुणी विचारील. भिवंडीचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला यंत्रमाग आठवतात, गोदामे आठवतात, आणि लगेच तो खड्ड्यांची चौकशी करतो. तिन्ही बरोबर आहेत. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली या पट्ट्यातल्या गोदामांकडे न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर येत राहतात. जुना आग्रा रस्ता, अंजूरफाटा, राजनोली नाका, कल्याण नाका, वंजारपट्टी नाका ही नावे इथल्या दुचाकीस्वाराला पाठ असतात. कुठे डावीकडून निघायचे, कुठे ट्रेलरच्या मागच्या चाकापासून लांब राहायचे, कुठे पावसात पाण्याखाली काय दडलेले असते, हे त्याला माहीत असते. अंबाडीवरून वाड्याला जाणारा रस्ता तर ज्याने एक पावसाळा पाहिला त्याच्या मणक्यात नोंदलेला असतो.

आणि याच तालुक्यात आमणे आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरहून निघतो आणि आमण्याला संपतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा. मोटारींना सपाटीवर ताशी १२० किलोमीटरची मुभा, सह्याद्रीतून जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा. दुचाकीला तिथे प्रवेश नाही, त्यामुळे आपली दुचाकीवाली मंडळी अजून पडघा, शहापूर, कसारा अशीच जातात. रविवारी पहाटे त्या रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांपाशी पाहिले तर हेल्मेटच्या हनुवटीला, हँडलला, टाकीवर असे छोटे कॅमेरे चिकटलेले दिसतात. एका तासाच्या अंतरात देशातला अगदी गुळगुळीत रस्ता आणि अगदी खडबडीत रस्ता, दोन्ही मिळणारे गाव शोधायला फार लांब जावे लागेल. गाडीवरच्या कॅमेऱ्याची खरी परीक्षा इथेच होते.

ती परीक्षा कशी, ते जरा सविस्तर सांगतो, कारण नवा कॅमेरा घेणारा पहिल्यांदा इथेच फसतो. चित्र स्थिर करण्याचे तंत्र कसे चालते? यंत्राच्या आत एक संवेदक असतो. यंत्र किती आणि कुठल्या दिशेने हलले याचे मोजमाप तो सतत घेत राहतो. मग चित्राच्या कडा थोड्या कापून प्रत्येक चौकट उलट दिशेला तितकीच सरकवली जाते. धक्का पुसला जातो. लग्नाच्या वरातीत, डोंगरवाटेवर, सायकलवर हे वरदान आहे. पण भिवंडी-वाडा रस्त्याची अवस्था दाखवायची म्हणून एखादा निघाला आणि हे तंत्र चालू ठेवले, तर घरी आल्यावर पडद्यावर दिसतो तो बऱ्यापैकी बरा रस्ता. कंबरेला बसलेला दणका चित्रात उरतच नाही. कॅमेरा छातीला बांधला असेल तर आणखीच कमी, कारण गुडघे, कंबर आणि मान मिळून धक्का आधीच गिळतात. रस्त्याची नोंद करायची असेल तर स्थिरीकरण बंद करावे आणि कॅमेरा गाडीच्याच अंगाला घट्ट बसवावा. चित्र थरथरेल, पाहायला त्रास होईल, पण रस्ता जसा आहे तसा येईल. सुबक चित्र आणि खरी नोंद या दोन वेगळ्या गरजा आहेत. बटण दाबण्याआधी आपल्याला कुठली हवी ते ठरवावे लागते.

दुसरी फसवणूक रुंद लेन्सची. तिच्यात डावी-उजवी दोन्ही बाजू मावतात, पण मध्यभागातल्या वस्तू लहान आणि लांब दिसतात. समोरचा कंटेनर प्रत्यक्षात दोन गाड्यांच्या अंतरावर असतो आणि फुटेजमध्ये मध्ये चार गाड्या सहज बसतील असे वाटते. उलट कडेची झाडे, खांब, दुभाजक ताणले जाऊन सुसाट मागे पळतात, त्यामुळे ताशी चाळीसचा वेग सत्तरचा भासतो. कॅमेरा जितका जमिनीजवळ तितका हा भास वाढतो. मित्रांमध्ये चित्रण दाखवताना याने काही बिघडत नाही. अपघातानंतर ‘हा किती जवळ होता आणि किती जोरात होता’ असा वाद उभा राहिला की बिघडते. म्हणून डॅशकॅम म्हणून वापर करायचा असेल तर लेन्सचा कोन मधला ठेवावा, आणि वेगाचा आकडा चित्रावर उमटवायचा असेल तर तो उपग्रहाच्या संकेतावरून येतो हे लक्षात ठेवावे. इगतपुरीच्या बोगद्यात तो संकेत पोहोचत नाही. तिथला आकडा भरवशाचा नसतो.

पुरावा म्हटले की जालन्याचा खटला सांगायलाच हवा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा दावा करत पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. वादाच्या मध्यभागी होते निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी जो निकाल दिला तो आज देशभर उद्धृत होतो. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर त्यावरून काढलेल्या प्रतीसोबत कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र लागते, असे त्यात स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच अट आहे, आणि प्रमाणपत्रात फाइलचा हॅश, म्हणजे फाइल जरा बदलली तरी बदलणारी तिची खूण, नोंदवावी लागते. आपल्यासारख्याला यातून घ्यायचे ते इतकेच. अपघात टिपला गेला असेल तर ते कार्ड लगेच कॅमेऱ्यातून काढावे, वेगळे ठेवावे, त्यावर पुन्हा काही घेऊ नये. मूळ फाइल कापू नये, जोडू नये, तिला गाणे लावू नये. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दाबली जाऊन लहान होते, ती मूळ फाइल राहत नाही. वकिलाला आणि पोलिसांना सांगावे की मूळ कार्ड माझ्याकडे आहे.

आणि त्याहून आधीचे काम मदतीचे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्याने कायद्याचे संरक्षण दिले आहे. हे गावोगाव पोहोचायला हवे होते तितके पोहोचलेले नाही. रस्त्यावर माणूस पडलेला असताना हातात कॅमेरा धरून उभे राहणारे मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी जीव कळवळला आहे. कॅमेरा गाडीला लावलेला असेल तर तो आपले काम करतोच आहे. आपले दोन्ही हात जखमी माणसासाठी मोकळे असतात, आणि ते त्याच्याचसाठी वापरायचे.

गाडी चालवणे हा छंद मानणाऱ्यांना माझे सांगणे थोडे कडक आहे, ते त्यांनी ऐकून घ्यावे. गाडी हलायच्या आधी रेकॉर्डिंग सुरू करायचे आणि गाडी थांबल्यावर बंद करायचे. मध्ये कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, त्याच्या छोट्या पडद्याकडे बघायचे नाही, ‘लाल दिवा लुकलुकतोय ना’ हेदेखील तपासायचे नाही. एखादा सुंदर तुकडा निसटला तर निसटला. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि तुमच्याच कॅमेऱ्यातले फुटेज तुमच्याच विरुद्धचा पुरावा ठरते. जून २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सुलीभंजनच्या डोंगरावर एक तरुणी गाडी मागे घेत होती आणि तिचा मित्र मोबाइलवर चित्रण करत होता. गाडी दरीत गेली, मुलगी गेली. दोघांपैकी कुणाच्याही मनात वाईट काही नव्हते. दोघांचे लक्ष चित्राकडे होते, एवढेच घडले.

हेल्मेटबद्दल मतभेद आहेत आणि मी माझे मत लपवत नाही. हेल्मेटच्या डोक्यावर कॅमेरा बसवू नये. हेल्मेट गोल आणि गुळगुळीत ठेवलेले असते त्याला कारण आहे. पडल्यावर ते डांबरावरून घसरत जावे आणि मान पिळली जाऊ नये. त्यावर कडक काही बसवले की ते अडकायला जागा मिळते. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरे लावण्यास मनाई केली तीही सुरक्षिततेच्या कारणाने. मोटार शर्यतपटू मायकेल शूमाकर डिसेंबर २०१३ मध्ये आल्प्समध्ये स्की करताना पडला तेव्हा त्याच्या हेल्मेटवरही कॅमेरा होता आणि तपास करणाऱ्यांनी त्यातले चित्रण पाहिले. कॅमेऱ्यामुळे इजा वाढली का, याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. त्यात मी शिरत नाही. हँडलचा क्लॅम्प, टाकीवरची चकती, क्रॅशगार्डचा नळ, मोटारीत काचेचा तळ, असे इतके पर्याय असताना डोक्याशी खेळ कशाला? या पुस्तिकेत म्हणूनच हेल्मेटच्या माथ्यावरच्या माउंटची कृती दिलेली नाही.

आता गाडीवरून उतरू. भिवंडीच्या आसपासच्या गावांतला सगळ्यांत जिवंत छंद विचाराल तर मी बैलगाड्यांच्या शर्यतीकडे बोट दाखवीन. आगरी समाजात, भिवंडी-कल्याण-पनवेलच्या पट्ट्यात, बैलजोडीचा मान घरातल्या माणसासारखा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. अटी मात्र कडक आहेत. चाबूक, काठी, विजेचा धक्का, बैलाला इजा होईल असे काहीही चालत नाही. आता विचार करा, छकडा हाकणाऱ्याच्या छातीवर कॅमेरा असेल तर काय दिसेल? बैलांचे कान, जू, कासरा, आणि हाकणाऱ्याचे दोन्ही हात. संपूर्ण शर्यतभर ते हात काय करत होते याची नोंद. ज्यांना ही परंपरा टिकवायची आहे त्यांच्या हाती याहून प्रामाणिक साक्षीदार नाही. बाहेरून घेतलेल्या चित्रणात धुरळा, गर्दी आणि दोन जोड्या दिसतात, हात दिसत नाहीत. कॅमेरा बैलाच्या अंगावर मात्र बांधायचा नाही. त्याला त्याचे ओझे आणि कुतूहल दोन्ही नको असते.

टेनिस बॉल क्रिकेटचे वेड तर गावागावात. रात्रीच्या सामन्यांत दिव्यांखाली चित्र लुकलुकते ही सगळ्यांची तक्रार. कारण सोपे आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, आणि कॅमेरा अमेरिकन पद्धतीने सेकंदाला ३० चौकटींवर लावलेला असतो. तो २५ किंवा ५० वर आणला आणि शटर एक-पन्नासांश किंवा एक-शतांश सेकंदावर ठेवले की लुकलुक बहुधा जाते. मग यष्टीमागे ठेवलेल्या कॅमेऱ्यात फलंदाजाला आपले डोके चेंडू येण्याआधीच कसे कलते ते दिसते. प्रशिक्षक नसलेल्या मुलासाठी हा मोठा आधार आहे. माहुलीचा किल्ला चढायला जाणाऱ्यांसाठी एकच सूचना. छातीवरचा कॅमेरा नेहमीपेक्षा थोडा वर वळवा, कारण चढताना माणूस पुढे वाकतो आणि चित्रात नुसते बूट येतात. शिडीवर चढताना तर कॅमेऱ्याचा विचारही नको.

मला सगळ्यांत जास्त ओढ आहे ती एका वेगळ्या चित्रणाची, आणि ते छंदात बसते की नाही याची मला फिकीर नाही. साधा यंत्रमाग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा फेकतो. म्हणजे एका फेकीला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ, आणि त्यातही धोटा प्रत्यक्ष उडत असतो तो आणखी कमी वेळ. डोळ्याला तिथे नुसती रेघ दिसते. नेहमीच्या २५ चौकटींत धोटा जेमतेम चार-पाच वेळा सापडतो, तोही पुसट. २४० चौकटींवर तोच प्रवास चाळीसएक चित्रांत उलगडतो. ताण्याचे धागे वरखाली होऊन मध्ये वाट उघडते, धोटा तिच्यातून जातो, मागे बाण्याचा धागा सोडतो, फणी तो ठोकते. ज्या माणसाने उभे आयुष्य या मागांवर काढले त्यानेही हे असे सावकाश पाहिलेले नसते. कॅमेरा मागाच्या सांगाड्यावर बसवू नये. थरथरीने चित्र जेलीसारखे डोलते, कारण या यंत्रातला संवेदक चित्र एकदम न घेता ओळीओळीने वाचतो. शेजारी जमिनीवर वेगळे तिकाटणे ठेवावे, खाली रबराचा तुकडा, आणि दिवा भरपूर, कारण इतक्या चौकटी घ्यायच्या तर प्रकाश जास्त लागतो. दुसरा कॅमेरा शक्य असेल तर माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या छातीवर. माग बिघडला की तो आधी कान देतो, मग हात घालतो. त्याचे हात कुठे जातात, कुठला बोल्ट किती पिळतो, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही. भिवंडीत साधे माग भंगारात निघत आहेत आणि त्यांच्यासोबत ही हातांची विद्या जाते आहे. एका पिढीच्या आत ती सांगायला कुणी उरणार नाही. संग्रहालयात ठेवलेला माग गप्प असेल. जॉबरच्या बाजूने घेतलेले दहा मिनिटांचे चित्रण बोलेल, आणि आवाजासकट बोलेल.

तिथे परवानगी दोघांची घ्यायची, मालकाची आणि कामगाराचीही. मालक ‘हो’ म्हणाला म्हणजे कामगाराने होकार दिला असे होत नाही. गोदामांत तर अनेक ठिकाणी कॅमेरा आत नेताच येत नाही, तो नियम पाळावा. गावातल्या अरुंद गल्ल्यांतून दुचाकी नेताना रुंद लेन्समध्ये दोन्हीकडची दारे, ओट्यावर बसलेल्या बाया, अंगणातली मुले येतात. त्यांना माहीतही नसते. असे तुकडे कुणाला दाखवू नयेत. गाड्यांचे क्रमांकही झाकावेत. आवाजाचेही तेच. गाडीत बसलेल्या माणसाला आधी सांगावे की इथे बोललेले टिपले जाते आहे.

यंत्राची देखभाल पुढे एका प्रकरणात सविस्तर आहे, इथे अगदी थोडक्यात. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या काचेमागे कॅमेरा ठेवून जाऊ नये, बॅटरी फुगते. वारा लागत नसेल तर लांब चित्रणात यंत्र तापून आपोआप बंद पडते. पावसात चिकटपट्टीचे माउंट आदल्या दिवशी कोरड्या जागी चिकटवावे आणि एक बारीक दोरी अडकवून ठेवावी, कारण भिवंडीचा एखादा खड्डा कुठल्याही चिकटपट्टीपेक्षा बलवान असतो. जलरोधक पेटीत सिलिका जेलची पुडी टाकली की आतून धुके धरत नाही. आणि कार्डाचा हिशोब आधी करावा. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केले तर तासाला ४५ जीबी लागतात. १२८ जीबीचे कार्ड पावणेतीन तासांत संपते, म्हणजे इथून निघालेला माणूस आमण्याहून समृद्धीने शिर्डीच्या पुढे गेला की रेकॉर्डिंग थांबले. रोजच्या प्रवासाच्या नोंदीला इतक्या तपशिलाची गरज नसते, निम्म्याहून कमी पुरतो.

नोंद का ठेवायची, असा प्रश्न राहतोच. याचे एक उत्तर रशियातून देता येते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी चेल्याबिन्स्क शहरावरून एक उल्का गेली आणि आकाशातच फुटली. तिची वाट कुणी पाहत नव्हते. पण तिथे गाडीत कॅमेरा ठेवण्याची रीत आहे, त्यामुळे कामावर निघालेल्या साध्या लोकांच्या गाड्यांतून ती टिपली गेली. शास्त्रज्ञांनी ती चित्रणे गोळा केली, प्रत्येक कॅमेरा कुठे होता आणि कुठल्या दिशेला बघत होता ते शोधले, आणि त्यावरून उल्केचा मार्ग आणि सूर्याभोवतीची तिची जुनी कक्षा काढली. ज्यांनी गाडी चालवली त्यांना आपण काही मोलाचे टिपतो आहोत याची कल्पनाही नव्हती.

आपल्या रस्त्यावर उल्का पडेल असे नाही. पण कशेळीच्या पुलापासून अंजूरफाट्यापर्यंतचा रस्ता बदलतो आहे, मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत, शेतांच्या जागी गोदामे आली आहेत, आणि हे सगळे रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर घडते आहे. म्हणून या पुस्तिकेतला पहिला सराव तोच ठेवला आहे. तोच रस्ता, तेच माउंट, तोच कोन, महिन्यातून एकदा, कुठलीही सजावट न करता. फाइलला वर्ष-महिना-दिवस असे नाव द्यायचे, एक प्रत घरात आणि दुसरी दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवायची. नव्या कॅमेऱ्याचे घड्याळ बहुतेक वेळा भलत्याच तारखेवर असते आणि बॅटरी बराच काळ उतरलेली राहिली की पुन्हा तिथेच जाते. पहिले प्रकरण वाचायला घेण्याआधी ते आजच्या तारखेवर आणि वेळेवर लावून घ्यावे.